प्रात्यक्षिक मतदार

पडदा टांगायला खिळा मिळत नव्हता. म्हणजे वर्गात खिळे भरपूर होते, पण सगळे फळ्याच्या वर, एका ओळीत, जिथे वर्षभरापूर्वीपर्यंत महामार्गदर्शकांच्या सात तसबिरी असत. मला खिळा हवा होता कोपऱ्यात. मी स्टुलावर चढायला लागलो तशी शहनोझाने माझ्या हातातली हातोडी काढून घेतली.

"काका, उतरा. तुमचंही वय झालंय आणि स्टुलाचंही. स्पष्ट बोलते, राग मानू नका."

हे ती मराठीत म्हणाली. खिडकीबाहेर बर्फाचे डोंगर होते, दारावरची पाटी मला वाचता येत नव्हती, आणि ही बाई मला सदाशिव पेठेच्या मराठीत स्टुलावरून उतरवत होती. तिने तीन वर्षं पुण्यात एम.ए. केलं होतं. आगाशेबाईंकडे पेइंग गेस्ट राहून ती दोन गोष्टी शिकली होती, अस्खलित मराठी आणि समोरच्याला जागेवर बसवायची पद्धत. आता ती याच गावातल्या शाळेत शिकवत होती आणि माझी दुभाषी होती.

देशाचं नाव मी सांगत नाही. तिथे माझ्या ओळखीची माणसं आहेत, निदान असावीत.

मी तेव्हा वाईला नायब तहसीलदार होतो. बावीस वर्षं निवडणूक शाखेत काढलेली. त्या देशात एकोणीस दिवस चौकाचौकांत बसून लोकांनी एकतीस वर्षं सत्तेवर बसलेला हुकूमशहा, तेच ते महामार्गदर्शक, घालवला होता आणि आता त्यांना खरी निवडणूक घ्यायची होती. ती कशी घेतात हे शिकवायला आमच्याकडून सहा जणांचं शिष्टमंडळ मागवलं. ज्यांना जायची हौस होती त्यांच्याकडे पासपोर्ट नव्हता, ज्यांच्याकडे पासपोर्ट होता त्यांना थंडी सोसत नव्हती. असं गाळत गाळत यादी माझ्यापर्यंत आली.

मला खरोखर अभिमान वाटला होता, हेही सांगून टाकतो. माणसं चौकात आली होती, गोळ्या खाऊन तिथेच बसून राहिली होती. अवघड काम त्यांनी केलं होतं. उरलं होतं ते माझ्या खात्याचं: रांग, शाई, मोहोर, लाख, आणि आडोसा. आमचे पुठ्ठ्याचे मतदान कक्ष सीमेवरच्या नाक्यावर अडकले होते, कारण ते फर्निचर की स्टेशनरी हे तिथल्या अधिकाऱ्याला ठरवता येत नव्हतं. म्हणून शहनोझाने घरचा पडदा आणला होता. पिवळा, त्यावर निळी डाळिंबं.

खिळा ठोकता ठोकता तिने मला कोपऱ्याची गोष्ट सांगितली. निवडणुका पूर्वीही व्हायच्या, दर चार वर्षांनी. मतपत्रिकेवर एकच नाव. ती घ्यायची, घडी घालायची, पेटीत टाकायची. पण संविधानात गुप्त मतदान लिहिलेलं होतं, म्हणून प्रत्येक केंद्रात एक कोपराही असायचा. कुणाला ते नाव खोडायचं असेल तर तिथे जाऊन खोडावं. या गावात एकतीस वर्षांत त्या कोपऱ्यात एकच माणूस गेला. गुरांचे डॉक्टर. पँटचा पट्टा तुटला म्हणून आडोशाला गेले, ते सात वर्षांनी घरी आले.

"आणि पट्टा?" मी विचारलं. माझ्या तोंडून काहीतरी निघायचं म्हणून निघालं.

"तिथे पट्टे काढूनच घेतात, काका," ती म्हणाली आणि खिळ्यावर शेवटचा घाव घातला.

सहा जणांना सहा गावं वाटून दिली होती; दहा दिवस मी माझ्या वाट्याच्या या गावातल्या चाळीस माणसांना शिकवत होतो. सगळ्यांनी सगळं लिहून घेतलं. कुणी एकही प्रश्न विचारला नाही. प्रश्न विचारला की नाव वहीत जातं अशी त्यांची समजूत होती, आणि ती त्यांच्या अनुभवात कधी चुकीची ठरली नव्हती. एकच माणूस मोकळेपणाने बोलायचा, तो दावरोन. गावच्या समितीचा प्रमुख, तिशीचा, आधी शहनोझाच्याच शाळेत भूमिती शिकवायचा. चौकात त्याचा डावा कान गेला होता. उठावानंतर गावोगाव ज्या समित्या झाल्या, त्यांचाच आता पक्ष झाला होता आणि त्या पक्षाचा उमेदवार उभा होता. त्याच्याविरुद्ध एक वकील होता. तोही चौकात बसलेला, पण समितीने तुरुंग परत वापरायला काढले तेव्हा त्याने हरकत घेतली होती. दावरोन वकिलाबद्दल वाईट बोलत नसे. लोक ठरवतील, म्हणायचा. मला तो आवडायचा.

मतदान सात वाजता सुरू झालं. रांग सहालाच शाळेच्या फाटकाबाहेर गेलेली. पहिला मतदार एक निवृत्त पोस्टमन होता, छातीवर जुनी पदकं लावून आलेला. त्याने मतपत्रिका घेतली, पडद्याकडे एकवार पाहिलं आणि टेबलाशीच वाकून समितीच्या नावासमोर खूण केली. मग ती दोन्ही हातांनी वर धरली, आधी टेबलामागच्यांना दाखवली, नंतर वळून रांगेला, आणि पेटीत टाकली.

मी शहनोझाकरवी त्याला नियम सांगितला. त्याने आदबीने ऐकून घेतलं. म्हणाला, माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही.

दुसरीने तेच केलं. तिसऱ्याने तेच. कुणी सांगितलं नव्हतं, याला मी साक्षीदार आहे. दारात बंदूकवाला नव्हता, टेबलावर वही नव्हती, दावरोन तर खोलीतही नव्हता. मी त्याला बाहेरून बोलावून आणलं आणि हे बेकायदेशीर आहे म्हणून सांगितलं. तो काळजीत पडला. रांगेसमोर उभं राहून त्याने लोकांना समजावलं की पडदा तुमचाच आहे, ज्याला आत जायचं असेल त्याने खुशाल जावं, कोणी काही म्हणणार नाही. मग तो बाजूला झाला आणि आत कोण जातं ते बघायला थांबला. त्याने मदत म्हणून हे केलं. पण आता सबंध रांगच बघायला लागली. पुढचा माणूस टेबलापाशी आला तेव्हा मागचे दहा जण टाचा उंचावून त्याच्या हाताकडे बघत होते, आणि त्याला ते माहीत होतं, आणि पाच मिनिटांनी तोही दारात थांबून पुढच्याकडे बघत होता.

तासाभरात माझ्या पाठीला थंडी वाजायला लागली. शेगडी माझ्या शेजारीच होती.

अकराच्या सुमारास शहनोझा कोट नीट करत म्हणाली, "मी जरा मतदार होऊन येते."

तिचं नाव याच केंद्रात होतं. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं ती काय करणार आहे.

"शहनोझा, आजच्या दिवस टेबलावरच कर."

"दहा दिवस तुम्ही काय शिकवलंत?"

"ते मी सर्वसाधारणपणे शिकवलं होतं."

"माझा भाऊ सर्वसाधारणपणे नाही मेला, काका," ती म्हणाली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

तिचा धाकटा भाऊ बहरोम अकराव्या दिवशी चौकातून परत आला नव्हता. त्याबद्दल ती तोवर माझ्याशी एवढंच एक वाक्य बोलली होती.

तिने मतपत्रिका घेतली, सही केली, बोटाला शाई लावून घेतली आणि पडद्याआड गेली. पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. खाली तिचे तपकिरी बूट दिसत होते. मी आयुष्यात हजारो मतदार आडोशाला जाताना पाहिले आहेत आणि त्या वेळात बहुधा चहा मागवला आहे. त्या दिवशी मी ते बूट बघत होतो, आणि माझ्यासोबत साठ-सत्तर माणसं. खोकणारा खोकायचा थांबला. एका बाईने आपल्या मुलीला खांद्याला धरून स्वतःच्या मागे घेतलं. चाळीस सेकंद लागली असतील. ती घडी घातलेला कागद घेऊन बाहेर आली, पेटीत टाकला, आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

"झालं," ती म्हणाली. "काही कठीण नसतं."

चहावाली बाई दर तासाला सगळ्यांना पेले द्यायची. या वेळी तिने मला दिला, शाई लावणाऱ्याला दिला, आणि मधली शहनोझाची जागा अशी ओलांडली की जणू तिथे खुर्चीच नाही. मी माझा पेला तिच्यापुढे सरकवला. शाई लावणाऱ्याने ते पाहिलं, तेव्हा मी तो परत ओढून घेतला. हे सांगायला मला आवडत नाही.

त्यानंतर रांग बदलली. आता लोक खूण करताना बोलू लागले, समितीच्या उमेदवाराचं नाव मोठ्याने उच्चारू लागले. एक म्हातारा मत टाकून झाल्यावर परत आला आणि आपण नक्की कुणाला दिलं हे लिहून देऊ का, म्हणून विचारू लागला. दावरोन दारातच उभा होता. त्याला हे सगळं आवडत होतं असं मला वाटत नाही. तो अधूनमधून शहनोझाकडे बघायचा, एखादा कोन मोजून बरोबर येत नाही तसा.

दोन वाजता तिची आई आली. घरात दोघीच राहायच्या. मी त्यांच्याकडे दोनदा जेवलोही होतो. रांगेत तिला कुणीतरी सांगितलेलं असणार. तिने टेबलावर खूण केली, मतपत्रिका दाखवली, मग उलटी करून मागची कोरी बाजूही दाखवली, आणि पेटीत टाकल्यावर खोलीकडे तोंड करून एक वाक्य मोठ्याने बोलली. मुलीकडे न बघता निघून गेली.

मी विचारलं, आई काय म्हणाल्या.

"म्हणाली, मी घरात एकटीच राहते," शहनोझाने भाषांतर केलं. तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

मी हळूच म्हटलं की पडदा काढून टाकतो. आडोसाच गेला की विषयही मिटेल. ती म्हणाली, काढलात तर याच क्षणी माझं मराठी संपलं. मग तुम्ही आणि दावरोन खुणांनी लोकशाही आणा. मी पडदा राहू दिला.

चार वाजता पेटी बंद केली आणि तिथेच मोजणीला बसलो. लोक घरी गेले नव्हते. वर्गात, दारात, खिडक्यांत दाटून उभे होते. सगळ्यांना एकच मत बघायचं होतं. तीनशे शहाऐंशी मतं पडली होती, त्यातली तीनशे पंच्याऐंशी त्यांनी आधीच पाहिलेली होती. माझं गणित साधं होतं. वकिलाच्या नावावर एक मत निघणार. निघालं की दावरोन ते नाईलाजाने का होईना मोजणार, मी अहवालात मांडणार, आणि मग परकीय अहवालात नोंदलेल्या मताला हात लावणं त्यांना जरा जड जाईल. एवढ्यावर मी तिचा जीव टांगून ठेवला होता.

दावरोन स्वतः एकेक घडी उघडून वाचत होता. समिती. समिती. समिती. शंभर झाली, दोनशे झाली. प्रत्येक घडीला खोली श्वास धरायची आणि सोडायची. शेवटची घडी उघडली.

समिती.

सगळी पुन्हा मोजली. तीनशे शहाऐंशी. वकिलाला शून्य. बाद शून्य.

मी शहनोझाकडे पाहिलं. ती मराठीत, समोर बघत, म्हणाली, "मी त्यांनाच मत दिलं, काका. बहरोम त्यांच्याच बाजूला बसला होता. वकील मला पटत नाही."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. फार तर दोन क्षण. कारण खोलीत कुणाचंच उतरलं नव्हतं. विरोधी मत निघालं असतं तर लोकांना समजलं असतं. बाई विरोधात होती, म्हणून लपली. आता काहीच समजत नव्हतं. दावरोन कागदांचा गठ्ठा हातात धरून उभा होता आणि मी पहिल्यांदाच त्याला घाबरलेला पाहिला. घाबरलेला माणूस काय करील याचा भरवसा नसतो, आणि तो या गावातला सर्वांत ताकदवान माणूस होता. तो तिच्याशी बोललाच नाही. माझ्याशी बोलला, तिच्यामार्फत.

शहनोझाने भाषांतर केलं. "ते विचारतायत, त्या बाईने मत आम्हालाच दिलंय, तर मग ती आत कशाला गेली होती?"

स्वतःला 'ती बाई' म्हणताना ती अडखळली नाही.

मला खरं उत्तर माहीत होतं. दहा दिवस फळ्यावर मी तेच लिहीत होतो. ते त्या वेळी म्हणालो असतो तर काय झालं असतं, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. त्या खोलीत मला फक्त खिडकीतली तोंडं दिसत होती आणि पट्ट्याशिवाय सात वर्षं काढलेला माणूस आठवत होता.

"सांग त्यांना," मी म्हणालो, "तिला मी पाठवलं होतं. प्रात्यक्षिक म्हणून. आमच्याकडे पद्धत आहे तशी. मतदारांना दाखवण्यासाठी."

ती दावरोनऐवजी माझ्याकडे वळली.

"सांग, शहनोझा."

"बहरोम गेल्यापासून मी एवढी एकच गोष्ट स्वतःच्या मनाने केली," ती म्हणाली. चेहरा असा, की बघणाऱ्याला वाटावं ती नियमाचा खुलासा विचारतेय. "तीही तुमच्या नावावर लावू?"

"लाव."

तिने भाषांतर केलं. शब्दन्‌शब्द केलं असणार, कारण वेळ तेवढाच लागला.

आणि खोली सुटली. दुसरा शब्द सुचत नाही. खिडकीत कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. पोस्टमनने आपल्या कपाळावर हात मारून घेतला. बाईला साहेबांनी पाठवलं होतं, हुकूम होता. एवढंच होतं तर आधी नाही का सांगायचं. चहावालीने धावत येऊन शहनोझाच्या हातात पेला दिला, वर जर्दाळूही ठेवले. गर्दीतून तिची आई कुठूनशी पुढे आली आणि रडत रडत तिच्या कोटाची बटणं लावू लागली, जी लावलेलीच होती. दावरोनने माझे दोन्ही खांदे धरले. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मग त्याने खिशातून वही काढली. दिवसभरात पहिल्यांदाच. असा माणूस तुमच्याकडे प्रत्येक केंद्रावर असतो का, त्याने विचारलं.

"असतो," मी म्हणालो. "एक."

त्याने लिहून घेतलं. माझ्या आडनावाची अक्षरंही विचारली. फडतरे.

अहवालाच्या छापील नमुन्यात एक रकाना होता: मतदानाची गुप्तता राखण्याची व्यवस्था होती काय. मी 'होय' लिहिलं. पुढचा रकाना: तिचा वापर झाला काय. तिथेही होय. दुसऱ्या दिवशी जीप आली तेव्हा शहनोझा निरोपाला आली होती. ती माझ्याशी इंग्रजीत बोलली आणि मला सर म्हणाली.

याला आठ वर्षं झाली. निवृत्तीला तीन महिने असताना पुण्याच्या एका प्रशिक्षण संस्थेत मला व्याख्यानाला बोलावलं होतं. परदेशी अधिकाऱ्यांचा वर्ग. चहाच्या सुट्टीत एक तरुण पुढे आला, गोरापान, नीटनेटका. माझं नाव ऐकून त्याला फारच आनंद झाला होता. तो त्या देशाच्या निवडणूक आयोगातला होता. दावरोनसाहेब आता त्या आयोगाचे अध्यक्ष आहेत, म्हणाला. त्याच्या पिशवीत आयोगाची पुस्तिका होती. त्याने एक पान उघडून बोट ठेवलं. लिपी मला येत नाही, पण त्याने इंग्रजीत वाचून दाखवलं: फडतरे पद्धत. प्रत्येक केंद्रावर लेखी हुकमाने एक प्रात्यक्षिक मतदार नेमावा. त्याने सकाळी अकरा वाजता पडद्याआड जाऊन मतदान करावं. निरीक्षक शक्यतो त्याच वेळी बोलवावेत.

"बाकीचे?" मी विचारलं.

बाकीच्यांना सक्ती नाही, तो म्हणाला. उमेदवार अजूनही दोन असतात, कायद्यानेच तसं आहे. दुसरं नाव त्याच वकिलाचं. तो वकील सध्या कुठे असतो ते त्याला माहीत नव्हतं.

मी त्या गावाचं नाव घेतलं आणि तिथल्या शिक्षिकेबद्दल विचारलं. त्याचा चेहरा जरासा बदलला. तिची नेमणूक सर्वांत पहिली होती, तो म्हणाला, अध्यक्षांनी स्वतः सही केलेली. पण मागच्या निवडणुकीत ती अकरा वाजता पडद्याकडे गेलीच नाही. निरीक्षक बसले होते. तिने मतपत्रिका टेबलावर ठेवली, सगळ्यांदेखत वकिलाच्या नावासमोर खूण केली आणि हात वर करून आधी अधिकाऱ्यांना दाखवली, मग रांगेला.

मी कप खाली ठेवला.

"मग तुम्ही काय केलंत?"

"मत बाद केलं, सर," तो म्हणाला. "गुप्ततेचा भंग. नियम तुमच्याकडूनच घेतलाय."

तिचं पुढे काय झालं, हे मला विचारायचं होतं. वाक्य तयारही होतं. तेवढ्यात पुढच्या तासाची घंटा झाली, आणि मला बरं वाटलं.